बिंदू, भाग सातवा

हॉबर्टच्या गॅरेजात
रंगाच्या डब्यांवर फोन टेकवून
इवॉर पेंगेली फळ्यावर ठिपका काढतो,
म्हणतो, हा बिंदू नव्हे.
मग बराच वेळ काहीच म्हणत नाही.

एकतीस वर्षं कॉलेजात
हे वाक्य तो घाईनं ओलांडत आला,
परीक्षेत येत नाही म्हणून.

बाहेर मॅगपाय ओरडतो.
तेवढं कापायचं राहून जातं.

कुताइसीत, पहाटेच्या बेकरीत
नातेला व्हिडिओ थांबवते,
पीठ सांडलेल्या ओट्यावर
बोट टेकवते, उचलते.
खळगा उरतो,
कडा ढासळत चाललेला,
चांगला करंगळीएवढा रुंद.

हाही नव्हे, ती पुटपुटते
आपल्या जॉर्जियनमध्ये,
आणि शोती भट्टीला लावायला
आज जरा उशीरच करते.