उलटं करून गुणा

मे महिन्याचा तिसरा आठवडा, पारा सेहेचाळीसवर,
आणि आम्ही बेचाळीस गणित शिक्षक
मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून.
कूलर एकच. त्याच्या तोंडासमोरच्या जागा
मौद्याच्या लोकांनी सकाळीच रुमाल टाकून धरलेल्या.
सही दोनदा. आल्यावर एक, जाताना एक.
मधल्या वेळेसाठी रकाना नाही.

माझी ही एकविसावी कार्यशाळा, की बाविसावी.
खिशात कांदा, ऊन लागू नये म्हणून,
पिशवीत शब्दकोडं, वेळ जावा म्हणून.

साधनव्यक्ती प्रांजली ढोमणे,
माझ्या धाकटीच्या वयाची.
तिनं फळ्यावर लिहिलं: पाऊण भागिले पाव.
"तीन," आम्ही सगळे एका सुरात.
"कसे?"
"उलटं करून गुणा."
"उलटं का?"

कूलरमधलं पाणी तेवढं बोलत राहिलं.

बोकडे सर खाकरले. नियम आहे, म्हणाले.
"कोणी केला?"
बोकडे सरांनी वर पंख्याकडे पाहिलं,
जणू तिथं लिहिलेलं असावं.

सव्वीस वर्षं शिकवलं मी हे.
शिष्यवृत्तीला मुलं बसवली, तीन तर जिल्ह्यात आली,
आणि उलटं का, हे मला आजवर
कोणी विचारलं नव्हतं.

खोटं. विचारलं होतं.
भिवापूरच्या शाळेत, सहावीत,
मिरचीच्या सातऱ्यावरून आईला डबा देऊन
शिंकत शिंकत वर्गात येणारा सुखदेव उईके:
"गुर्जी, भागल्यावर त कमी व्हाले पायजे न,
हे वाढलं कसं?"
"चूप बस बे," मी म्हटलं. "पुढचं लिही."
तो बसला.
दिवाळीनंतर पटावर त्याच्या नावापुढे
लाल शाईनं मीच लिहिलं: सतत गैरहजर.

प्रांजलीनं कागदाच्या पट्ट्या वाटल्या.
आम्ही घड्या घालत होतो, लग्नपत्रिका घडी करावी तशा, मुकाट.
मोमिनपुऱ्याच्या उर्दू शाळेच्या नुजहत बाजी
पट्टीला हात न लावताच म्हणाल्या,
"एका मीटरात पाव मीटरचे रुमाल चार.
मग पाऊण मीटरात? त्या चाराचा पाऊण.
घ्या, झाला गुणाकार."

पाव उलटा केला की चार, हे मला पाठ होतं.
मीटरभर कापडात पाव चारदा, हेही ठाऊक होतं.
दोघं एकाच गल्लीत राहायचे,
मीच कधी ओळख करून दिली नव्हती.

"आणि अर्धा भागिले पाऊण?" प्रांजली सोडेना.
"ब्लाउजला लागतं पाऊण मीटर, हातात अर्धा."
बाजींनी हवेत वीत टाकली, डोळे बारीक केले.
"दोन तृतीयांश ब्लाउज. बाह्या राहतील."
मौद्याचे लोकही जागे झाले हसता हसता.

शेवटी अभिप्रायाचा कागद.
बोकडे सरांनी लिहिलं, वरण पातळ होतं.
मी 'काय शिकलात?'च्या ठिपक्यांवर
पेन टेकवून बसलो, शाईचा एक डाग पडेपर्यंत,
मग 'उत्तम'वर खूण केली आणि सही केली, दुसरी.

गणेशपेठच्या स्टँडवर पवनीची गाडी लागली होती.
सीट तव्यासारखी. खिशात कांद्याशेजारी
ती पट्टी सापडली, घामानं मऊ झालेली.
दुमडली. अर्धा.
पुन्हा दुमडली. पाव.
सुखदेव आता तेहेतीस-चौतीसचा असेल.
त्याची पोरं असतील सहावीत,
किंवा नसतील कुठल्याच पटावर.

तिसऱ्या घडीला कागद फाटला.
"उमरेड न, गुर्जी?" कंडक्टर नेहमीच्या सवयीनं
तिकीट काढायला लागला होता.
"थांबा," मी म्हटलं.
उमरेडच्या पुढं भिवापूर.
गाडी तिथंही थांबते.