दुसरा शो सुटल्यावर

टॉकीज पाडून बारा वर्षं झाली,
तरी साडेबाराला माझा हात आपोआप पुढं होतो
तिकीट फाडायला.
मग कळतं, हातात अंडं आहे.

शहापूरच्या खडे बाजारात, भांड्यांच्या मिटल्या दुकानापुढं
माझी गाडी. एक स्टो, दोन तवे,
आणि बाकडं, पाडापाडीत उचललेलं.
पाठीवर अजून नंबर आहे : क-सात.

आजा सांगायचा,
रुळाच्या अलीकडं सांगलीचं राज्य, पलीकडं साहेबाचं.
कॅम्पातनं झिंगून पळालेला एक गडी
फाटक ओलांडून मागं वळला,
टोपी काढून शिपायाला रामराम घातला.
शिपाई रुळाजवळ उभा,
एक पाय वर, बगळ्यासारखा.
तो गडी आजाच होता,
हे त्याच्या तेराव्याला कळलं.

तेव्हा इथं रात्र म्हणजे हातमाग.
खटक खट, खटक खट,
भिंतीला पाठ लावून निजलेलं पोर
त्याच ठेक्यात श्वास घ्यायचं.
माग थांबले त्या रात्री
आख्खी गल्ली दचकून उठली,
चोर आले म्हणून कंदील घेऊन फिरली.

आता पावणेदोनला खासबागेतनं मल्लेशी येतो,
भुवयांवर पावरलूमचा कापूस.
कानानं मंद, म्हणून ओरडतो : अण्णा, एरडु!
इस्माइल मुजावर रिक्षा लावून चहा मागतो.
खानापूरची शेवटची गाडी चुकलेला फोंडू
"काय करूलास?" म्हणत बाकड्यावर आडवा.
बोलणं सगळं मिसळीसारखं,
पण सुट्टे पैसे मोजताना
जो तो ओठांत, हळू,
आईच्या भाषेत मोजतो.
मी तेवढा वेळ पाठ फिरवून कांदा चिरतो.

बोळात कुंद्याची कढई उतरते,
करपत आलेल्या दुधाचा वास अंगावर येतो.
आणि पोलिसांची जीप. "बंद करा,"
दोनदा, दोन भाषांत.
मी दिवा घालवतो.
अंधारात मल्लेशी खातच असतो.

जीप गेली. "लावू काय दिवा?"
"थांब की," फोंडू म्हणतो, "मालगाडी आली."
चौघं गप्प. डबे मोजतो.
इस्माइलचे पन्नास भरले, फोंडूचे अठ्ठेचाळीस.
मल्लेशीनं बाकड्याच्या थरथरीवर हात ठेवून मोजले,
आकडा सांगितला नाही.
माझे सदतीसला चुकले,
तव्यावर काहीतरी जळत होतं.