चाळीस मिनिटं, चार इंच

फळ्यावर मिसेस लिंडक्विस्टनी लिहिलं:
वाचकाला ठाऊक नसलेली एखादी प्रक्रिया समजावून सांगा.
वेळ चाळीस मिनिटं. मत नको. गोष्ट नको.
'मी' तर नकोच नको.
आणि टायमर लावला, घरून आणलेला,
टोमॅटोच्या आकाराचा.

मिनेसोटात बाहेर उणे सत्तावीस.
बाकांखाली आमच्या बुटांची डबकी.
ओडेलनं डोकं टेकलं; तो दर परीक्षेत
पहिली पाच मिनिटं झोपतो आणि तरी पास होतो.
कॅरिननं खरडायला घेतलंसुद्धा, मेपलचा पाक.

मी शीर्षक दिलं:
तळ्यावरचा बर्फ पाऊल टाकण्याजोगा झालाय का,
हे कसं ओळखावं.

पहिला परिच्छेद आपोआप आला.
चार इंचांवर माणूस चालतो.
सहावर स्नोमोबिल.
तेरा-चौदा झाले, मग ट्रकचं बघावं.
काळा बर्फ भरवशाचा, कारण तो काळा नसतोच,
आरपार असतो, खालचा अंधार दिसतो इतकंच.
पांढऱ्याची ताकद निम्मी.
करड्याच्या वाटेला जाऊ नये.

दुसऱ्यात मी चारदा घसरले.
'मी गिरमिट फिरवते तेव्हा', खोडलं.
'मला मामानं शिकवलं', खोडलं.
इंग्रजीतला 'मी' म्हणजे नुसती एक उभी रेघ,
बर्फात रोवलेल्या काठीसारखी:
इथं कुणीतरी भोक पाडून पाहिलं होतं,
एवढीच खूण.
मी काठ्या उपटत गेले.
पानभर भोकं राहिली.

तिसऱ्यात माहितीचा स्रोत द्यायचा असतो.
माझा स्रोत टॉइवो मामा.
'एका अनुभवी मच्छीमाराच्या मते'
असं लिहिलं आणि पेन अडलं.

कारण हाच अनुभवी मच्छीमार
गेल्या मार्चात, साऱ्या गावाला जाऊ नका म्हणून बजावून,
स्वतः ट्रक घेऊन गेला पार तळ्याच्या मध्यापर्यंत.
खिडकीतून निघाला, कोपरांवर सरपटत काठाला आला,
एक बूट आणि रेडिओ चालू असलेला ट्रक
खाली सोडून.
दंड वेगळा, क्रेनचं बिल वेगळं.
आता गॅरेजमध्ये बसून तो
गावातल्या गिरमिटांना धार लावून देतो.
फुकट.
तळ्याच्या बाजूची खिडकी
प्लायवूडनं बंद केलीय.

ही माहिती आहे की गोष्ट?
हात वर करून विचारावंसं वाटलं.
टोमॅटोत अकरा मिनिटं उरली होती.

'अनुभवी' खोडलं.
पुन्हा लिहिलं.
मग लिहिलं की बर्फ रात्री ओरडतो,
ओरडतो तेव्हा तो वाढत असतो,
भ्यायचं ते गप्प बर्फाला.
पण हे मामाचं मत. मत नको.
खोडलं, तर खालच्या पानावरही वळ उमटला.

टोमॅटो किंचाळला.
ओडेल दचकून जागा झाला, म्हणजे पुन्हा झोपला होता.
माझं शेवटचं वाक्य:
'म्हणून दर दीडशे फुटांवर पुन्हा मोजावं, कारण'
आणि पुढे कोरी जागा.

गुरुवारी पेपर हातात आला. सहापैकी चार.
हिरव्या शाईत: निष्कर्ष कुठाय?
त्याखाली पेन्सिलीनं, बारीक, घाईघाईत:
शनिवारी धाकट्याला पहिल्यांदाच नेतेय तळ्यावर.
पाच इंच आहे म्हणतात. पुरेल ना?

सगळे गेल्यावर मी टेबलाशी थांबले.
विचारलं, कोण म्हणतं? काळा आहे की पांढरा?
त्यांनी चष्मा काढला. ठाऊक नव्हतं त्यांना.

मग त्याच पेपरवर,
'कारण'च्या पुढच्या कोऱ्या जागेत,
मामाचा फोन नंबर लिहून दिला.
म्हटलं, संध्याकाळी करा.
दिवसा गिरमिटांच्या आवाजात
त्याला ऐकू येत नाही.