उरलेला हिरवा

सायकलच्या कॅरिअरला दोन डबे बांधलेले असत,
एक लाल, एक हिरवा.
जशोरच्या ऑफिसातून निघताना हिशेब सोपा वाटायचा:
कागद पिवळा राहिला तर हिरवा मारायचा,
तपकिरी झाला तर लाल.
मग पुढचं गाव.

शालुकडांग्याला जोबेदा खालाचा हापसा
फणसाखाली होता.
त्याचं पाणी तिनं आधी मलाच दिलं, काचेच्या पेल्यात,
सोबत मुरमुरे, खजुराचा गूळ.
थंड होतं. इतकं नितळ की
पेल्यापलीकडची कोंबडीसुद्धा धुतल्यासारखी दिसली.
"तळ्याचं पाणी पिऊन माझी दोन पोरं गेली," ती म्हणाली,
"एका रात्रीत. पटकीनं.
मग सरकारी माणसं आली, जमिनीत नळ्या उतरवल्या.
त्यानंतरची तीन जगली.
ईदला मी ह्या लोखंडाला तेल लावते."
कागदासाठी वीस मिनिटं थांबावं लागतं.
मी अजून एक पेला मागून घेतला.

सोमलाला वास नसतो,
आणि घाई तर मुळीच नसते.
तो घरातल्या माणसासारखा राहतो वर्षानुवर्षं,
भाताच्या पेजेत, वजूच्या लोट्यात,
बाळाच्या दुधाच्या भुकटीत,
आणि एक दिवस तळहातावर उगवतो
तांदळाच्या कणीएवढा.
खालानं हात पुढे केला.
"हे काय, ढेकीवर कांडून पडलेले घट्टे."
तोराब अलीच्या छातीवर डाग होते,
कुणी धुळीत पाणी शिंपडावं तसे.
"ते उन्हाचे."

कागद करपला, उतू गेलेल्या दुधासारखा.
मी लाल डबा उघडला.
ती भांडली नाही. कडेला उभी राहून बघत राहिली
दांडा, तोटी, सगळं झाकलं जाईपर्यंत.
मग एवढंच म्हणाली,
"आता काय, परत तळ्याकडे जाऊ?"
ह्या प्रश्नाला माझ्या फॉर्मात रकाना नव्हता.

निघेपर्यंत अंधारून आलं. वाट बांधाची, चिखलाची.
हिरव्या डब्याचं झाकण बसत नव्हतं,
रंग ओघळून चाकावर येत होता.
म्हटलं, खाला, हा राहू दे इथंच,
पुढच्या खेपेला नेईन.
तिनं तो गोठ्यातल्या फळीवर ठेवला.
रंगच तो. अर्धा डबा.
कुणाचं काय बिघडवणार होता?

पुढची खेप अकरा महिन्यांनी.
मधे पूर येऊन गेला, माझी बदली झाली,
ती रद्द झाली.
दुरूनच हापसा दिसला, फणसाच्या पानांहून हिरवा.
त्याच्यापुढे रांग,
तीन वस्त्यांच्या कळशा.

मयना सासरी गेली होती.
मुलाकडचे शुक्रवारी बघायला येणार होते
आणि लाल हापशाच्या घरची मुलगी
कोण करून घेतं?
गुरुवारी रात्री खालानं कंदील धरला,
तोराबनं हात चालवला. दोन हात दिले, ती सांगते,
खालचा लाल दिसू नये म्हणून.
"एका दिवसापुरतं रे बाबा. शनिवारी खरवडणार होते."
शनिवारी शेजारीण आली घागर घेऊन.
तिला काय सांगायचं? लग्न तर ठरलेलं.
मग तिची जाऊ आली,
मग मदरशातली पोरं.
"सरकारी रंग बघून येतात.
मी कुणाला बोलावलं नाही."

तिच्या तळहातांवरच्या कण्या आता फुटल्या होत्या,
तरी हापसत होती ती,
एका म्हातारीची कळशी भरून देत होती.

मी कॅरिअरची दोरी सोडली. लाल डबा खाली घेतला.
रांग थोडी मागे सरली, मोडली नाही.
सात-आठ वर्षांची एक मुलगी पुढे आली,
कळशी कमरेवर सावरत म्हणाली,
"आमची भरून झाल्यावर रंगवाल का?
पुढचा नंबर माझाच आहे."