हवा माफी

शुक्रवार, मालकियाचा किनारा, सकाळचे दहा.
समुद्र इतका उथळ की
शंभर पावलं आत गेलेला माणूसही गुडघ्यापर्यंतच भिजतो.
हाजी मक्की तसाच उभा आहे, वर खोचलेल्या थोबच्या ओच्यात दोन साफी मासे,
आणि ओरडून सांगतो: हवा माफी!

माफी म्हणजे नाही. सात वर्षं झाली बहारीनमध्ये,
तरी हा शब्द ऐकला की अजून वाटतं
कुणीतरी कुणालातरी सोडून दिलंय.

तर वाऱ्याला माफी.
मी ओल्या वाळूवर पतंग पसरतो,
अडीच मीटर रुंद. शिवलाय मनामातल्या बशारत मास्तरने,
जो एरवी नवरदेवांच्या शेरवान्या शिवतो
आणि अजून विचारतो, हा नवरा कोण?
कापड कांद्याच्या पापुद्र्याइतकं, काड्या कार्बनच्या,
उचलला तर हाताला वजन नाही, नुसती सळसळ.
माशाने शेपूट हलवावी एवढा वारा पुरतो याला.
पण तेवढा तरी हवा.

येवल्यात संक्रांतीला आमच्या गच्चीवरून
पतंग चढायचा तो दुसऱ्याचा कापायला.
आसारी गरगरायची, बोटं चिरायची,
वक्काट! ओरडलं की घटकाभर सगळी आळी आपली.
इथे कापायला कुणी नाही.
दोऱ्याला काच नाही.
चाळीस हात सोडून झाला की त्याला मी
एक हलकी चौकट अडकवतो, चौकटीत कॅमेरा,
जुना, दीडशे ग्रॅमचा,
दर पाच सेकंदांनी आपणहून डोळा उघडून मिटणारा.

मला हद्रा वरून पाहायचा आहे.
हद्रा म्हणजे मक्कीचा सापळा,
खजुराच्या फांद्या चिखलात रोवून केलेलं कुंपण.
भरतीला मासे आत येतात, ओहोटीला वाट विसरतात.
बापाने रोवला, हा दरवर्षी डागडुजी करतो.
खालून दिसते नुसती काठ्यांची रांग.
मी नकाशे काढणारा माणूस,
आठवडाभर दुसऱ्यांच्या मनोऱ्यांचे जिने मोजतो.
रांगेवर माझा विश्वास बसत नाही.

पावणेअकराला पाण्यावर एक सुरकुती आली.
मक्कीने आधी पाहिली. हात वर केला.
पतंग उठला, घाई न करता,
म्हातारा माणूस सतरंजीवरून उठतो तसा,
आणि दोरा बोटांत बोलू लागला.
ढील. ढील. थोडं हापसून, पुन्हा ढील.
साठ मीटर. कॅमेरा डुलला, स्थिरावला.

मग वारा गेला,
न सांगता, आपल्याकडे वीज जाते तसा.
पतंग मागे कलला, कॅमेरा पाण्याकडे निघाला,
मी उलटा धावत सुटलो, गुडघाभर समुद्रात,
येवल्याच्या सगळ्या शिव्या एकदम तोंडात.
मक्कीने ओचा सोडला, मासे गेले, दोरा धरला.
श्वै श्वै, सावकाश, म्हणत होता मला,
त्याचे हात मात्र अजिबात सावकाश नव्हते.
पाण्यापासून वीतभर वर
त्याने कॅमेरा उडालेल्या टोपीसारखा झेलला.

एकशे बारा चित्रं. बहुतेक तिरकं आकाश.
एक सरळ.
त्यात हद्रा: लांब दांड्याचा बाण, टोकाशी फुगीर पोट.
सकाळी पायाच्या अंगठ्याने त्याने वाळूत काढून दाखवला होता
हुबेहूब तसा. डावी बाजू जरा वाकडी, तीही तशीच.
मी म्हटलं, बघा.
त्याने ते पाहिल्यासारखं केलं. ते त्याला माहीतच होतं.
बोट टेकवलं कोपऱ्यातल्या काळ्या डागावर.
ऐन, म्हणाला. झरा.
त्याचा आजा इथे बुडी मारून कातड्याची पिशवी भरून आणायचा,
खाऱ्याच्या पोटातून गोड पाणी.
आटला म्हणतात सगळे. तीस वर्षं म्हणतात.
हा बघ.

पुढचं चित्र मी आधीच पाहिलं होतं.
त्यात डाग दहा हात सरकला होता,
त्याला टोकं होती,
आणि रुंदी, मोजली असती तर, अडीच मीटर.

मक्की पदराने काच पुसत होता, पुन्हा बघायला.
मी बटण दाबून कॅमेरा बंद केला.
हाजी, म्हणालो, बॅटरी माफी.