मिस्सेनंतरच्या सूचना

बसा.
आशीर्वाद अजून व्हायचाय,
चपलांकडं बघू नका.
माईक आज ऐकत नाही, म्हणून मागच्यांनी पुढं या.
पुढचे बाक कुणा पाहुण्यांचे नाहीत;
माळसावंगीला पाहुणा येतो तो
निवडणुकीत, नाहीतर मयताला.

पुढचा रविवार झावळ्यांचा.
आपल्याकडं ताड नाही, माड नाही.
फादर वलेरियन वसईचे, पहिल्या वर्षी
ट्रकभर झावळ्या मागवू म्हणाले होते,
आता म्हणत नाहीत.
तरुण मंडळानं शनिवारी ओढ्यातून शिंदीचे फाटे आणावेत
आणि काटे तिथंच काढावेत.
मागच्या खेपेला होसान्ना म्हणता म्हणता
सिलास त्रिभुवनचं पोरगं बोट चोखत घरी गेलं.

पुण्य शुक्रवारी क्रुसाची वाट, ऊन व्हायच्या आत.
सातवं स्थान, येशू दुसऱ्यांदा पडतो ते,
कारभारी गायकेच्या गोठ्यापुढं.
तो आपल्या देवळाची पायरी कधी चढला नाही.
पण आदल्या संध्याकाळी शेण उचलतो, सडा टाकतो,
बैल पलीकडं बांधतो.
अठरा वर्षं झाली.
त्याला कुणी काही बोललंय का?
मी विचारतेय. सूचनेत हे लिहिलेलं नाही.

पेटीचा भाता उंदरानं खाल्ला.
दुरुस्तीला वैजापूरला दिलाय,
तोवर गाणाऱ्यांनी
अगस्तीनमामाच्या खाकरण्यावरून सूर धरावा.
हसू नका, तो काळी दोनमध्येच खाकरतो.

गुरुवार मुद्दाम शेवटी ठेवला.
मिस्सा सहाला होती. टँकरही सहाला.
दोघांत कोण थांबेल हे आपल्याला ठाऊक आहे,
म्हणून मिस्सा साडेसातला.
हंडे भिंतीला रांगेनं लावा, दारात नको.
पाय धुण्यासाठी बारा जण लागतात.
यादीत सात.
बाकीचे वाळूजला, सेकंड शिफ्टला,
आणि साहेबाला पवित्र गुरुवार समजावून सांगणं
योसेफ खरातनं एकदा करून बघितलंय,
खाडा पडला.
आणखी एक, पाय घरून घासून येऊ नका.
दरसाल तुम्ही बसता
नखं कापून, टाचेला खोबरेल लावून,
मग फादर धुणार काय?

"मंग बायांचे कामून चालत न्हाईत?"

सालोमीमावशी. खांबाआडून.
माईक नसताना शेवटच्या बाकापर्यंत गेलं.
सिलासनं घड्याळात बघितलं, जे बंद आहे.
फादरांनी चष्मा पुसला, बराच वेळ,
मग म्हणाले, चालतात.
वरून कधीचं आलंय तसं,
सांगायचं ठेवलं होतं.
कुठं ठेवलं होतं, ते नाही म्हणाले.

आठवं नाव, सालोमी जगधने.
लिहिताना माझी नजर तिच्या पायांवर गेली,
पऱ्हाट्यांनी ओरबाडलेल्या पोटऱ्या,
टाचांच्या भेगांत काळी माती,
साबणाला दाद न देणारी.
"मला गुदगुल्या व्हत्यात," ती म्हणाली,
"आधीच सांगून ठिवते."
नववी फिलोमिना.
दहावी तिची सून,
नाव सांगताना सासूकडं न बघता.
अकरावं माझं, घाईत, ऱ्हस्व-दीर्घ चुकवून.

बारावी जागा मोकळी.
कारभारीला विचारा, असं मागून कुणी म्हणालं.
चेष्टेत की खरंच, कळलं नाही.
मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.

घंगाळ फिलोमिनाकडून येईल,
परत देताना चिंचेनं घासून द्यायचं.
पाय धुतलेलं पाणी फेकू नये.
दाराशी शेवगा लावलाय,
अजून तग धरून आहे,
त्याला घालावं.

उभे राहा.