आपलं शे

रात्री अकरानंतर कूलरमध्ये शेवटची कळशी ओतून,
मोबाईल तांब्याला टेकवून
मी तो सिनेमा बघितला, चेतना.
हिंदीत डब केलेला. ओठ आधी मिटतात, शब्द मागून येतात.
आपल्या भांडणासारखंच.

वसतिगृहातला एक मुलगा सगळ्या जगाला जोडायचं काहीतरी बांधतो,
त्याचा मित्र पैसे घालतो,
आणि ते एवढं वाढतं की मित्रच त्यात मावत नाही.
पुढे वकील.

मला आवडली ती कोपऱ्यातली टंकलेखिका.
कोण काय म्हणालं ते उतरवून घेते,
मध्येच सपाट आवाजात वाचते:
‘तेव्हा तू म्हणाला होतास, आपण.’
दोघंही टेबलाकडे बघत राहतात.

पैलाडला तुझ्या गच्चीवर अशी कुणी नव्हती.
चैत्रातलं ऊन, सहा बायका, सहा पोळपाट,
उडदाच्या लाट्या, कोपरापर्यंत तेल.
तू म्हणालीस, सुरतेला, पुण्याला गेलेल्या पोरींनी काय खायचं?
ग्रुप काढू.
मी भिशीचे अकरा हजार दिले.
पहिला फोटो माझ्या जुन्या लुगड्यावरच्या पापडांचा,
कडेला माझा अंगठा आलाय.
नाव काय ठेवायचं, मी विचारलं.
‘नाव कसाले व? हाई आपलं शे.’

फॉर्मात मालकाचा रकाना एकच असतो.
तो भरला तेव्हा मी धरणगावला,
मावसबहिणीच्या बाळंतपणात.
परतले तर पाकिटावर तुझा चेहरा,
डोक्यावर पदर, जो तू कधी घेत नव्हतीस.
आणि माझ्या नावापुढचं ‘ॲडमिन’ गेलेलं.
घामाने टिकली पडावी
आणि दिवसभर कुणी सांगू नये,
तसं.

सिनेमा मला त्या मित्राच्या बाजूला ओढत होता.
गेलेही मी.
मग कूलरमधलं पाणी संपलं, नुसती खरखर सुरू झाली,
थांबवला.
सेहेचाळीस डिग्रीत स्कूटीवर तीन खोकी बांधून
स्टेशनवर जायचीस तू, सुरतेच्या गाडीला.
मला म्हणायचीस, मागे बस, खोकं धर.
मी दुपारची झोपायचे.
हेही उतरवून घ्या, बाई.

शेवट बघितला नाही.
कोण जिंकलं, किती कोटी,
ते कुणीतरी सांगेलच.

आखाजी आठ दिवसांवर आलीय.
मिनिटाला साठ पापड काढणारं मशीन आहे आता तुझ्याकडे,
तरी घरच्या डब्याचे तू हातानेच लाटतेस म्हणे,
आणि बोलावणं करायला दारोदार स्वतः जातेस.

मी पोळपाट धुऊन ओट्यावर उभा ठेवलाय.
कुणी विचारलंच तर सांगेन,
वाळायला.